असन्निधानातील निष्ठा : आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य

परमेश्वरावरील विश्वासाची कसोटी केव्हा लागते, असा प्रश्न केला असता सामान्यतः रोग, दारिद्र्य, आप्तांचा मृत्यू, लोकनिंदा या आपत्तींची नावे घेतली जातात. या आपत्ती कठीण आहेत, यात संशय नाही. परंतु त्या सोसताना भक्ताजवळ एक आधार शिल्लक असतो. आपला देव आपल्याजवळ आहे, हा तो आधार होय. ज्याने परमेश्वराला साकार रूपाने पाहिले, ज्याने त्याच्या पंक्तीला भोजन केले, ज्याने त्याच्या मुखीचे निरूपण स्वतःच्या कानांनी ऐकले आणि एके दिवशी ज्याच्या दृष्टीसमोरून तो परमेश्वरच निघून गेला, त्याच्या कसोटीला मात्र उपमा नाही. आपल्या परममार्गाचे आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. ते पंथाचे संघटक होते, स्मरणाचे महामेरू होते, मराठी भाषेचे रक्षणकर्ते होते. परंतु या सर्वांच्या मुळाशी असन्निधानात टिकलेली त्यांची निष्ठा आहे.

नागदेवाचार्यांचा जन्म शके ११५८ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२३६ च्या आसपास झाला. त्यांच्या मातोश्री आबाइसा, भगिनी उमाइसा आणि चुलत भगिनी महदाइसा या तिघीही पुढे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानात आल्या. एकाच घराण्यातील इतकी माणसे एका मार्गाला लागावीत, हा योग विरळाच म्हणावा लागेल. पंडित, कर्मठ आणि सत्त्वशील म्हणून प्रसिद्ध असलेली पुष्कळ माणसे स्वामींच्या परिवारात येऊन गेली. परंतु आचार्यपद ज्यांच्याकडे यावयाचे होते ते नागदेव पूर्ववयात विशेष संयमी म्हणून ओळखले जात नव्हते. स्वैर आणि बेफिकीर वृत्तीचा तरुण, अशीच त्यांची पूर्वावस्था होती. साधकाने ही गोष्ट विसरू नये. निष्ठा ही जन्मतः लाभलेली मिरास नव्हे. ती परमेश्वराच्या कृपेने उगवते आणि जीवाच्या आचरणाने वाढते.

महदाइसा आणि नागदेव हे आरंभी रामदेव दादोस यांच्या संगतीत होते. दादोसांच्या द्वारे त्यांना स्वामींचा परिचय झाला. मध्यस्थाच्या बोलण्यातून ज्याची वार्ता ऐकली होती त्याला प्रत्यक्ष पाहिल्यावर नागदेवांचे चित्त अन्यत्र रमेना. तरी त्यांचे अनुसरण एका दिवसात घडले नाही. घर, नाते आणि आजवरच्या सवयी यांचा पाश त्यांनाही होता. स्वामी त्यांना प्रेमाने वानरेश म्हणत. त्या नावात त्यांच्या चंचलतेवरचा विनोद होता आणि स्वामीनिष्ठ वानराच्या सेवाधर्माची सूचनाही होती, असे मानावयास हरकत नाही. पुढे नागदेवांनी सर्वस्वाचा त्याग केला आणि स्वामींच्या परिवारात ते भटोबास या नावाने ओळखले जाऊ लागले.

सन्निधानाचा तो काळ फार दीर्घ नव्हता. गोदातीराच्या परिसरात, डोमेग्रामासारख्या स्थानी, मठामंदिरांच्या ओवऱ्यांत आणि झाडांच्या सावलीत स्वामींचे निरूपण चालत असे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व अनादी आहेत, देवतांची फळे मर्यादित आहेत आणि जीवाला मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराच्या ठायीच आहे, हे ब्रह्मविद्याशास्त्र त्या काळात लोकभाषेतून प्रकट झाले. ते ऐकणाऱ्यांत स्त्रिया होत्या, शूद्र होते, विद्वान होते. समाजातील प्रतिष्ठितांना हे रुचले नाही. देवगिरीच्या राजदरबारात आणि पैठणच्या विद्वत्सभेत स्वामींविषयी विरोध वाढत गेला. ज्यांना जवळचे मानले होते, त्यांच्यापैकीही काही दूर झाले. अखेर शके ११९४ च्या सुमारास, इ. स. १२७२ च्या आसपास, स्वामींनी उत्तरापंथे गमन केले.

येथून भटोबासांची खरी परीक्षा सुरू झाली. त्यावेळी त्यांचे वय सुमारे छत्तीस वर्षांचे होते. घर सोडलेले, मान सोडलेला, परतीची वाट स्वतःच्या हाताने बुजवलेली, आणि ज्याच्यासाठी हे सर्व सोडले तो आता दृष्टीस पडत नाही. देहभान हरपावे असा तो शोक होता आणि भटोबासांनी तो लपविला नाही. आपल्या ग्रंथकारांनीही तो झाकून ठेवला नाही. येथे एका गैरसमजाचा परिहार केला पाहिजे. ज्याचा परमेश्वरावर विश्वास आहे त्याने रडू नये, त्याच्या मुद्रेवर दुःखाची रेषाही उमटू नये, असे काही जण समजतात. आद्याचार्यांचे चरित्र या समजुतीला आधार देत नाही. परमेश्वराच्या वियोगाचे दुःख न होणे हे निष्ठेचे लक्षण नसून कोरडेपणाचे लक्षण आहे.

परंतु शोक आणि अनुशोच यांत भेद आहे. प्रापंचिक शोक आपल्याला काय गमवावे लागले एवढेच पाहतो. त्यातून कधी निराशा निर्माण होते, कधी परमेश्वरावर दोषारोप. अनुशोच आपल्याकडे वळून पाहतो. सन्निधान लाभले असता आपण कोठे उणे पडलो, कोणती सेवा राहिली, कोणते वचन ऐकूनही हृदयात ठरले नाही, याची ती जळजळ असते. शोक माणसाला जागच्या जागी बसवून ठेवतो. अनुशोच त्याला उठवून आचरणाला लावतो. भटोबासांचे दुःख या दुसऱ्या जातीचे होते. म्हणूनच ते दुःखात बुडून गेले नाहीत. सहसाधकांनी त्यांना सावरले आणि ते ऋद्धिपूरच्या वाटेला लागले.

ऋद्धिपूर का? कारण स्वामींची तशी आज्ञा होती. आपल्या पश्चात श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहावे, असे त्यांनी परिवाराला सांगून ठेवले होते. हा प्रसंग वरवर साधा दिसतो. परंतु विश्वास म्हणजे काय, याचे संपूर्ण उत्तर त्यात आहे. भटोबासांपुढे अन्य मार्ग नव्हते असे नाही. ते वियोगाच्या आवेगात देहत्याग करू शकले असते. ते पूर्वाश्रमाकडे परतू शकले असते आणि समाजाने कदाचित प्रायश्चित्त देऊन त्यांना पुन्हा सामावून घेतले असते. एखाद्या क्षेत्री जाऊन एखाद्या देवतेच्या उपासनेत मनाचे समाधान शोधणे हे तर त्या काळी सर्वांत सोपे होते. यांतील एकही मार्ग त्यांनी पत्करला नाही. स्वामी दिसत नव्हते. पण स्वामींचे शेवटचे सांगणे कानांत होते. जे उरले होते ते त्यांनी धरले.

आज अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात असलेल्या या रिद्धपुरी श्रीप्रभूंच्या सेवेत पुढील सुमारे चौदा वर्षे गेली. ही सेवा सुलभ होती, असे कोणी समजू नये. स्वामी निरूपण करीत, शंकांचे समाधान करीत, साधकाला हाताशी धरून समजावीत. श्रीप्रभूंची लीला निराळी. ते शास्त्र सांगत बसत नसत. त्यांचे वर्तन लोकांना वेड्यासारखे भासे. ते क्षणात रागावत, क्षणात हसत, कोणाच्याही घरात शिरत, मुलांच्या खेळात रमत, आणि ज्यांना गावाने दूर ठेवले होते त्यांच्या पाण्याची चिंता वाहत. स्वामींच्या वाणीची सवय झालेल्या भटोबासांना येथे शब्दांचा आधार उरला नव्हता. ज्याच्या कृतीचा अर्थ आपल्या बुद्धीला लागत नाही, त्याच्या ठायी ईश्वरत्व ओळखून सेवा करीत राहावयाचे, ही दुसरी परीक्षा होती. भटोबास, महदाइसा, आबाइसा आणि इतर भक्तजन यांनी ती सेवा केली. श्रीप्रभूंचा कोपही त्यांनी प्रसाद मानला. याच काळात श्रीप्रभूंच्या विवाहलीलेच्या निमित्ताने महदाइसांनी धवळे रचले आणि मराठीच्या पहिल्या ज्ञात कवयित्रीचा मान त्यांना मिळाला. ज्या परिवाराचे सर्वस्व काही वर्षांपूर्वी हरपले होते, त्याच परिवारात हे मंगलगीत जन्मास आले, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

शके १२०८ च्या सुमारास, इ. स. १२८६ च्या आसपास, श्रीप्रभूंनीही देह विसर्जन केला. आता भटोबासांचे वय पन्नाशीला आले होते. पहिल्या वियोगानंतर जावयाला एक स्थान होते, पाहावयाला एक मूर्ती होती. या दुसऱ्या वियोगानंतर तेही राहिले नाही. पूर्ण असन्निधान प्राप्त झाले. परिवाराच्या दृष्टीने हा कसोटीचा क्षण होता. मार्गापाशी राजाश्रय नव्हता, द्रव्य नव्हते, बांधलेला मठ नव्हता, लिहिलेला ग्रंथ नव्हता. होती ती केवळ आठवण, आणि आठवण ठेवणारी माणसे म्हातारी होत चालली होती. सर्वांच्या दृष्टी सहजच भटोबासांकडे वळल्या आणि आचार्यत्वाचा भार त्यांच्यावर आला.

त्या क्षणी भटोबासांनी काय केले, हे पाहिले म्हणजे त्यांच्या निष्ठेचे स्वरूप कळते. त्यांनी कोणताही चमत्कार मागितला नाही. नव्या अवताराची घोषणा केली नाही. स्वतःला तर त्यांनी ईश्वराच्या जागी कधीच बसू दिले नाही. त्यांनी स्मरण केले. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हा त्यांचा श्वास होता. एकांती बसून ते स्वामींच्या लीळा एकामागून एक आठवीत. म्हाइंभटांनी हे पाहिले. सराळे येथील हे विद्वान गृहस्थ एकेकाळी वादविवादाच्या हेतूने स्वामींकडे आले होते आणि पुढे सर्व वैभव टाकून मार्गाला लागले होते. आचार्य सदैव कसले मनन करतात, हे त्यांनी विचारून घेतले. आणि ज्या लीळा आज काही थोड्यांच्या अंतःकरणात आहेत त्या त्यांच्याबरोबर लोपतील, हा विचार त्यांच्या मनात आला. आचार्यांच्या संमतीने त्यांनी संकलनाला आरंभ केला.

ऋद्धिपूर येथे वाजेश्वरीच्या परिसरात आचार्य सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. जी लीळा आचार्यांना प्रत्यक्ष ठाऊक नसे तिच्यासाठी म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्याच्यासमोर ती घडली त्याला गाठून त्याच्या तोंडून त्यांनी ती ऐकली आणि आचार्यांपुढे तिची शहानिशा केली. अशा रीतीने लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यचरित्रग्रंथ सिद्ध झाला. केशिराजबासांनी पुढे त्यातील स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला आणि एकशे चौदा दृष्टांतांचा दृष्टांतपाठ रचला. मराठी गद्याचा हा उगम वियोगाच्या दुःखात आहे. हे ग्रंथ कोणाच्या विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी लिहिले गेले नाहीत. गेलेल्या परमेश्वराचा एक शब्दही हरवू नये, या काळजीतून ते झाले.

याच निष्ठेचे दुसरे रूप भाषेविषयीच्या त्यांच्या आग्रहात दिसते. केशिराजबास आणि पंडित दामोदर यांच्यासारखे संस्कृताचे जाणकार मार्गात आले होते. विद्वानांत मान्यता मिळवावयाची तर शास्त्र संस्कृतात मांडावे, असे कोणालाही वाटले असते. दुबळ्या आणि निंदित अशा लहानशा परिवाराला तो मोह होणे स्वाभाविकच होते. या दोघांनी संस्कृतातून प्रश्न केला तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. स्वामींनी आपल्याला मराठीतूनच बोध केला आहे, तेव्हा मराठीतूनच विचारावे, असे त्यांनी सांगितले. शास्त्र संस्कृतात गेले तर मार्गातील साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील, अशी त्यांची चिंता होती. स्वामींनी ज्या भाषेत सांगितले ती भाषा पुरेशी आहे, हा येथे विश्वास आहे. जगाने प्रतिष्ठा दिल्याशिवाय परमेश्वराचे वचन टिकणार नाही, अशी भीती ज्याला वाटते त्याचा विश्वास वचनावर नसतो, प्रतिष्ठेवर असतो. राज्य शासनाने स्थापन केलेले मराठी भाषा विद्यापीठ आज याच रिद्धपुरात आहे. आचार्यांनी लौकिकाचा हिशेब केला नव्हता. तरी त्या निर्णयाचे मोल सातशे वर्षांनंतरही कमी झालेले नाही.

आचार्यांच्या उत्तरायुष्यात काळही अनुकूल राहिला नाही. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. रामदेवराव यादवांना अपार द्रव्य देऊन तह करावा लागला. ज्या राज्याच्या स्थैर्यावर विसंबून लोक जगत होते ते स्थैर्य एका झटक्यात ढासळले. आचार्यांच्या परिवाराने मात्र राज्यावर भिस्त ठेवलीच नव्हती. अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि स्मरण हा त्यांचा नित्यक्रम होता. मिळेल ते भिक्षान्न, राहावयास झाडाची सावली आणि मनात परमेश्वराची मूर्ती, एवढीच त्यांची संपत्ती असल्यामुळे लुटून नेण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. असतिपरीचा अर्थ अशा काळी नीट उमगतो. ज्या आधारांचा त्याग करावयास स्वामींनी सांगितले ते आधार मुळातच तुटणारे होते.

शके १२२४ च्या सुमारास, इ. स. १३०२ च्या आसपास, श्रीनागदेवाचार्यांनी देह ठेवला. स्वामींच्या वियोगानंतर सुमारे तीस वर्षे ते जगले. सन्निधानाची वर्षे थोडी आणि असन्निधानाची तीस, असा हा हिशेब आहे. या तीस वर्षांत स्वामी पुन्हा दृष्टीस पडले नाहीत. तरी त्यांच्या आचारात शिथिलता आली नाही. त्यांच्या पश्चात बाइदेवबासांनी मार्गाची धुरा वाहिली. पुढे खालशाच्या धाडीत म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. त्या वेळी ज्यांच्या कंठी लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या आणि ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यांत पंडित दामोदरांची पत्नी हिराइसा यांच्या अलौकिक स्मरणशक्तीचा वाटा मोठा आहे. आचार्यांनी लावलेल्या स्मरणाच्या सवयीचे हे फळ होय.

आता या चरित्राकडून आपण काय घ्यावयाचे, याचा विचार करू. आपण सर्व, मग तो आश्रमातील भिक्षू असो वा संसारातील वासनिक असो, पूर्ण असन्निधानात जगणारे जीव आहोत. भटोबासांना निदान आठवावयाला स्वतःचे डोळे होते. आपल्याला ग्रंथद्वारेच आठवावे लागते. म्हणून संकट आले की आपली निष्ठा फार लवकर डळमळते. घरात मूल आजारी पडते, औषधोपचार लागू पडत नाही आणि शेजारपाजारचे, कधी घरातलेही, एखाद्या देवतेला नवस बोलण्याचा आग्रह धरतात. निष्ठेचा निर्णय ग्रंथवाचनाच्या वेळी होत नसून अशा रात्री होतो. त्या वासनिकाला कठोर शब्दांनी दोष देणे सोपे आहे. परंतु आचार्यांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्याने त्याच्याजवळ जाऊन बसावे, हेच उचित होय. आचार्यांनाही वियोगाच्या वेळी सहसाधकांनी सावरले होते. एकट्याने निष्ठा राखणे कठीण असते. मार्ग याचसाठी आहे.

आणि त्या वासनिकाने हे ध्यानात घ्यावे की परमेश्वरावर विश्वास ठेवणे म्हणजे तो आपले दुःख निवारीलच, अशी खात्री बाळगणे नव्हे. औषधोपचार करावा, वैद्याचे ऐकावे, तो प्रपंचाचा धर्म आहे. देह आणि त्याचे भोग जीवाच्या कर्माला बांधलेले आहेत. भटोबासांचे दुःख परमेश्वराने निवारले नाही. त्यांना स्वामी परत दिले नाहीत. तरीही स्वामी दयाळू आहेत याविषयी त्यांच्या मनात विकल्प उत्पन्न झाला नाही. सन्निधान देणे ही परमेश्वराची कृपा आणि असन्निधानी ठेवून जीवाला योग्य करणे हीही त्याचीच कृपा, असा त्यांचा निश्चय होता. जो दिसतो तोपर्यंतच आपला, असे मानणे हा व्यवहार झाला. दिसेनासा झाल्यावरही ज्याच्या आज्ञेत आपण राहतो तोच आपला स्वामी.

ज्या साधकाला प्रार्थना कोरडी वाटते, स्मरणात मन लागत नाही, आपले नाव परमेश्वराच्या गणतीतून गळाले की काय अशी शंका येते, त्याने आचार्यांची ऋद्धिपूरची वाट डोळ्यांसमोर आणावी. त्या वाटेवर चालताना त्यांच्यापाशी दर्शन नव्हते, समाधान नव्हते, पुढे काय होणार याचे ज्ञानही नव्हते. ऐकलेली आज्ञा होती आणि पाय होते. आपल्यापाशीही तेवढे आहे. आजची भिक्षा, आजचे स्मरण, आजची सेवा एवढे झाले की दिवस वाया गेला नाही. अशा दिवसांची तीस वर्षे झाली तेव्हा त्यांतून एक मार्ग उभा राहिला, आणि त्या मार्गाच्या सावलीत आपण आज बसलो आहोत.

आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांच्या चरणी आणि त्यांनी ज्यांचे स्मरण आपल्यापर्यंत पोहोचविले त्या पाचही अवतारांच्या श्रीचरणी दंडवत प्रणाम.